दोन ऑफर हातात, कुठली घेऊ? परदेशी इंग्रजी शिकवायला निघालेल्या खानदेशातल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे निरोप येतात. रावेरहून, शहाद्याहून, शिरपूरहून: ‘ताई, दोन ठिकाणी निवड झालीय, आठ दिवसांत कळवायचंय.’ आखातातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, जपानचंही एप्रिलमध्ये, थायलंडचं मेच्या मध्यावर, ब्रिटिश पद्धतीच्या शाळांचं ऑगस्टअखेर. त्यामुळे सगळी पत्रं एकाच हंगामात येऊन पडतात. मी अमळनेरची. तीन वर्षं मस्कतला आणि दोन वर्षं थायलंडात इंग्रजी शिकवलं, आता जळगावात शिकवते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

१. ताई, दुबईची ऑफर पगारानं मोठी आहे, थायलंडची लहान. आधी काय बघू?

करार शेवटून वाचायला घ्या. पगार पहिल्या पानावर असतो, तो तुम्ही वाचलेलाच आहे. शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं की नोकरी सोडायची वेळ आली तर काय होईल: नोटीस किती दिवसांची, भरपाई कोण कोणाला देणार, परतीचं तिकीट कोणाकडे, त्याच देशात दुसरी शाळा धरता येईल का. दोन्ही ऑफरींचं हे चार ओळींत एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांचा निर्णय तो कागद लिहितानाच झाला.

मी हे स्वतः उलटं केलं होतं. २०१५ मध्ये आकडा बघून मस्कतला गेले. दुसऱ्या वर्षी शाळेनं तास वाढवले, पगार तोच ठेवला. तेवढ्यात जवळच्याच एका चांगल्या शाळेनं बोलावलं, तेव्हा कळलं की जुन्या शाळेचं ना-हरकत पत्र नसेल तर देश सोडावा लागतो आणि दोन वर्षं ओमानचा व्हिसा मिळत नाही. ते पत्र मला मिळालं नाही. करार पुरा होईपर्यंत तिथेच थांबले. ओमाननं ती अट १ जानेवारी २०२१ पासून काढली, करार संपल्यावर आता त्या पत्राची गरज नाही. पण निघण्याआधी हा नियम मी कोणालाच विचारला नव्हता, आणि तुम्ही विचारावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

२. एक पगार दिरहममध्ये, एक बाथमध्ये. तुलना कशी करायची?

आजच्या भावानं रुपये करून थांबू नका. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे रुपया घसरला तर तुमची घरी येणारी रक्कम वाढते. बाथ आणि येन रोज वर-खाली होतात. येन २०२४ च्या जुलैमध्ये डॉलरला १६० च्या पलीकडे गेला होता, आणि जपानमधून घरी पैसे पाठवणाऱ्यांना तेव्हा त्याच पगारात कमी रुपये मिळत होते. मालदीवचं वेगळंच आहे. तिथली रुफिया कागदोपत्री डॉलरला बांधलेली आहे, पण डॉलरची टंचाई असते. पगार डॉलरमध्ये देणार की रुफियात, आणि बँक महिन्याला किती पाठवू देते, हे होकार देण्याआधी विचारा.

मग मूळ पगार बघा. अमिरातीत नोकरी संपल्यावर जी ग्रॅच्युइटी मिळते ती पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते, एकूण पगाराच्या हिशोबानं नव्हे. समजा दोन्ही शाळा ५,००० दिरहम देतात. एकीकडे मूळ पगार २,००० आणि बाकी भत्ते, दुसरीकडे मूळ ३,५००. पहिल्या शाळेत वर्षाला १,४०० दिरहम साठतात, दुसऱ्या शाळेत २,४५०. वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर दोन्हीकडे काहीच नाही.

शेवटी भाडं. ‘सगळं धरून’ असं लिहिलेल्या पगारातून खोलीभाडं, वीज आणि जाणं-येणं वजा करा. राहायला खोली देणारी ऑफर आकड्यानं लहान दिसते आणि पुष्कळदा हातात जास्त ठेवते. खोली देणार असतील तर स्वतंत्र की दोघींत, हे लेखी घ्या.

३. करारात नेमकं काय शोधू?

तासिका किती आणि शाळेत थांबायचे एकूण तास किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. ‘आठवड्याला २२ तासिका’ लिहिलेलं असतं, पण बदली तास, बसवर देखरेख, शनिवारचे वर्ग त्यात नसतात. ते कशात धरले आहेत, हे विचारा.

पगार बारा महिन्यांचा की दहा? थायलंडात मार्च-एप्रिलची मोठी सुट्टी असते आणि काही करार दहा-अकरा महिन्यांचेच असतात. म्हणजे सुट्टीत पगार नाही, खोलीभाडं मात्र चालू. माझ्या पहिल्या थाई करारात हेच होतं आणि ते दोन महिने मी अमळनेरला काढले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी असल्याचा आनंद झाला, पण वर्षाचा हिशोब कोलमडला तो कोलमडलाच.

करार दोन भाषांत असेल तर वादाच्या वेळी आखातात अरबी मजकूर ग्राह्य धरतात. तेव्हा अरबी वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी पगार, मुदत आणि नोटीस या तीन जागा तपासून घ्या. धुळ्यात, मालेगावात असे लोक सहज भेटतात. आणि जे बोलण्यात कबूल केलं पण कागदावर नाही, ते ईमेलनं लिहून मागा. चांगली शाळा दोन ओळी लिहून द्यायला कां-कू करत नाही.

४. प्रोबेशनमध्येच सोडावं लागलं तर?

अमिरातीत प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात शाळेनं काढलं तर १४ दिवसांची नोटीस. तुम्ही देश सोडून जाणार असाल तर तुमचीही १४ दिवसांची, तिथल्याच दुसऱ्या मालकाकडे जाणार असाल तर एक महिन्याची, आणि भरतीचा खर्च जुन्या मालकाला नव्या मालकानं द्यायचा असतो. हे फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात आहे. दुसऱ्या देशाची ऑफर असेल तर तिथला नियम शाळेलाच लेखी विचारा.

पासपोर्ट कोणालाही ‘सांभाळायला’ द्यायचा नाही. व्हिसाच्या कामापुरता दिला तर परत कधी मिळणार, ती तारीख लिहून घ्या.

५. ‘आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, आल्यावर बदलून देतो’ म्हणतात. जाऊ का?

नाही. ही ऑफर कागदावरून खोडा, मग तुमच्याकडे एकच उरते आणि प्रश्न मिटतो.

थायलंडात शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट लागतं, चीनमध्ये झेड व्हिसा. पर्यटक म्हणून शिकवताना पकडले गेलात तर दंड, हद्दपारी आणि पासपोर्टवर डाग तुमच्या वाट्याला येतो. त्याहून वाईटही घडलं आहे. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर इशारा दिला होता की थायलंडातल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं जातंय. पद संगणकाचं असो की शिक्षकाचं, गळाला लावायची रीत एकच: टुरिस्ट व्हिसा, घाई, आणि विमानतळावर घ्यायला येणारा अनोळखी माणूस.

६. एजंट दीड लाख मागतोय. योग्य आहे का?

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्या एजंटानं नोंदणी केलेली असावी लागते. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि पावती द्यावीच लागते. नोंदणी खरी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या बघता येतं. अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मालकाला मनाई करतो. दोन ऑफरींपैकी एक थेट शाळेकडून आणि एक एजंटामार्फत असेल, बाकी सगळं सारखं असेल, तर मी थेट शाळेची घेईन. अडचण आली तर बोलायला समोर एकच जण असतो.

कोणी पैसे रोख आणि पावतीशिवाय मागत असेल तर तो नात्यातला असला तरी थांबा. नात्यातला असला की आपण पावती मागत नाही, हे मी आपल्याकडे फार पाहिलंय.

७. माझ्या पासपोर्टवर ईसीआर आहे. अडचण येईल?

ईसीआर म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते, अशी नोंद. दहावी उत्तीर्ण असाल तर ती राहायलाच नको. दहावीचं प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा काढून घ्या. अमिरात, ओमान, सौदी आणि थायलंडही ईसीआर देशांच्या यादीत आहेत, म्हणून हे निघण्याआधी करा.

८. माझ्या बी.ए.वर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे, बी.एड.वर ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. परदेशी लोक दोन विद्यापीठं समजतात.

हा खास आपला प्रश्न आहे, आणि तो खरोखर अडतो. विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं. आपल्याला त्या नावाचा अभिमान आहे, पण बँकॉकमधल्या कारकुनाला दोन वेगळे शिक्के दिसतात. विद्यापीठाकडून नामांतराचं पत्र इंग्रजीत घ्या आणि पदवीबरोबर जोडा. आई किंवा वडिलांची १९९० आधीची पदवी घेऊन विचारणारेही आहेत. तीवर पुणे विद्यापीठ असेल आणि पडताळणीही पुण्याहूनच होईल.

दुसरा घोळ स्वतःच्या नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं एकत्र, आडनाव वेगळं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरंच. करारावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायला सांगा, आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा.

आता शिक्के. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईला मंत्रालयात राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. इथून पुढे दोन वाटा फुटतात. ओमान आणि सौदी (डिसेंबर २०२२ पासून) अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानणाऱ्या देशांच्या करारात आहेत, तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल स्टिकर पुरतं. अमिरात, कुवेत, कतार यांना त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागत आलाय. म्हणजे दोन ऑफर दोन गटांतल्या देशांच्या असतील तर एकीसाठी केलेलं काम दुसरीला जसंच्या तसं चालणार नाही. विद्यापीठ आणि मुंबईतल्या मंत्रालयापर्यंतचा भाग दोन्हीला लागतो. तो आजच सुरू करा, निर्णय नंतर झाला तरी चालेल. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे. बाकी जे घेतात ते सेवाशुल्क असतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारा.

९. मी मराठी माध्यमातून शिकलो, नंतर सेमी इंग्रजी. इंग्रजी शिक्षक म्हणून घेतील?

काही देश घेतात, काहींना कायद्यानंच घेता येत नाही, आणि हे कळलं की पुष्कळ ऑफर आपोआप गळतात. जपानमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून बारा वर्षांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण मागतात. सेमी त्यात बसवून घेणं अवघड. कोरियात इंग्रजी शिक्षकाचा ई-टू व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांना आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारानं आपल्याला एक दार उघडलंय, पण ते शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकाचं, तेही इंग्रजीची पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता असेल तर. खासगी क्लासची ऑफर कोरियातून आली तर व्हिसा कुठल्या प्रकारचा, हे आधी विचारा. चीनही मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशांना झुकतं माप देतो.

आखातातल्या भारतीय शाळा माध्यमापेक्षा बी.एड. आणि अनुभव बघतात. थायलंडात आपल्या लोकांना घेतात, परीक्षेचे गुण मागतात, आणि शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर तिथल्या शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी शाळा काढून देते. एकाच शाळेत ‘मूळ इंग्रजी भाषक’ आणि ‘इतर’ असे दोन पगार असतात. हा अन्याय आहे, मी तो दोन वर्षं सोसलाय. म्हणून ऑफरींची तुलना करताना त्याच गटातल्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला किती देतात, ते विचारा.

१०. मुलाखतीत माझ्या बोलण्यातली अहिराणी लकब जाणवते. लपवू का?

लपवू नका, स्पष्ट बोला. अहिराणीची हेलकावे घेणारी चाल इंग्रजीत आली तर कोणाचं अडत नाही. अडतं ते तीन-चार ठिकाणी. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकाच ‘व’नं उरकतो. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल. ऱ्हस्व-दीर्घ: ‘शिप’ आणि ‘शीप’. आणि सगळ्यात महत्त्वाचा आघात. मराठीत शब्दातली अक्षरं साधारण सारख्या जोरानं पडतात. इंग्रजीत एकावर जोर असतो, तो चुकला की ऐकणारा गडबडतो. थाई मुलंही शब्दाच्या शेवटची व्यंजनं गिळतात, त्यामुळे हे सगळं तुम्हाला पुढे शिकवायचंच आहे. लहानपणी घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी तिन्हींत ये-जा करणारा माणूस भाषा शिकण्याची धडपड आतून ओळखतो. मुलाखतीत हे सांगा. मी सांगितलं होतं.

११. सेल्टा (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) करू की १२० तासांचा ऑनलाइन कोर्स पुरे?

दोन ऑफरींपैकी एकीला सेल्टा लागत असेल आणि पगारातला फरक वर्षभरात फी भरून काढत असेल तर करा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, त्याचा फायदा कायमचा. नुसत्या परमिटपुरता कागद हवा असेल तर ऑनलाइन चालतो. बी.एड. झालेल्यांनी घाईनं पैसे घालू नयेत.

१२. शाळा चांगली की वाईट, हे इथून कसं कळणार?

दुबईतल्या खासगी शाळांचे तपासणी अहवाल तिथलं शिक्षण प्राधिकरण, केएचडीए, सगळ्यांना वाचायला ठेवतं. श्रेणी बघा, पण अहवालाची तारीखही बघा, आणि शिक्षक किती टिकतात हा उल्लेख शोधा. इतरत्र एकच उपाय: तुमच्या जागी आधी कोण होतं आणि ते का गेलं, हे विचारा. शक्य असेल तर त्या शिक्षकाशी दहा मिनिटं बोला. शाळा बोलू देत नसेल तर ते तुमच्या कागदावर लिहून ठेवा.

१३. एका शाळेला होकार कळवला आणि नंतर चांगली ऑफर आली. काय करू?

सही झालेली नसेल तर त्याच दिवशी कळवा, माफी मागा, कारण खरं सांगा. सही झाली पण व्हिसाची प्रक्रिया सुरू झालेली नसेल तर करारातली रद्द करण्याची अट वाचा (प्र. १) आणि लेखी कळवा. व्हिसा निघाला असेल तर शाळेचा खर्च झालेला असतो आणि वर्ग तुमच्या भरवशावर लावलेला असतो. तेव्हा मागे फिरणं मला पटत नाही, पगार थोडा जास्त आहे एवढ्यावरून तर नाहीच. आपल्यानंतर जळगावहून अर्ज करणाऱ्या पोरीलाही त्याचा त्रास होतो.

मुळात हा पेच टाळता येतो. पहिली ऑफर येताच सात दिवसांची मुदत मागा आणि दुसऱ्या शाळेला कळवा की माझ्याकडे एक पत्र आहे, तुमचा निर्णय अमुक तारखेपर्यंत कळेल का. यात कमीपणा काही नाही, दोन्हीकडच्या लोकांना याची सवय असते.

१४. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जिल्हा परिषदेत नाव लागलंय आणि मस्कतचंही पत्र आलंय!

हा प्रश्न सगळ्यात जड आहे. इथे पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन: २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. मस्कतचा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो. तरी माझं मत इथली घ्या असंच आहे. ही भरती कधी निघेल आणि तुमचं वय तेव्हा बसेल का, हे कोणाच्या हातात नाही. परदेशी शाळा दरवर्षी माणसं घेतात. अपवाद एक: घरावर कर्ज असेल आणि हप्ता मानधनातून निघत नसेल. तेव्हा घरच्यांबरोबर बसून हिशोब करा, आणि मस्कतला जायचं ठरलं तर नंतर हळहळू नका.

१५. बायको-मुलांना नेता येईल का?

अमिरातीत कुटुंबाला आणायला पगार किमान ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि राहायची सोय. पण व्हिसा मिळणं सोपं, मुलांची फी भरणं अवघड. शिक्षकाच्या मुलांना फीमध्ये किती सवलत, किती मुलांना, आणि पहिल्या वर्षापासून का, हे विचारा. दोन मुलं असतील तर ही एकच अट पगारातला फरक पुसून टाकते.

१६. टॅक्स आणि पेन्शनचं काय?

निघायची तारीख महत्त्वाची. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर अनिवासी ठरतो, आणि तिथली कमाई इथे करपात्र होत नाही. म्हणजे एप्रिलच्या आखाती ऑफरीला पहिल्याच वर्षी फायदा. थायलंडच्या नोव्हेंबरच्या सत्राला गेलात तर त्या वर्षी तुम्ही निवासीच, आणि तिथला पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते.

जपानला जाणाऱ्यांसाठी: रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षी जूनपासून हातातला पगार कमी होतो. पहिल्या वर्षाचा आकडा धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका. तिथे कापलेलं पेन्शन देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी मागता येतं. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे तो काळ पुढे जोडून घ्यायचा की पैसे काढायचे, हे आधी ठरवा. एकदा काढले की तो काळ जोडला जात नाही.

१७. घरी कोणी आजारी पडलं तर किती वेळात पोचेन?

मस्कत-मुंबई विमान तीन तासांच्या आतलं, पुढे रेल्वेनं रात्रभरात जळगाव-भुसावळ. बँकॉकहून विमानच चार-पाच तासांचं. जपानहून घरी यायला दीड दिवस धरा. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी मस्कतला होते म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसू शकले. घरी वयस्कर माणसं असतील तर तातडीची रजा पगारी की बिनपगारी, हे दोन्ही करारांत बघा आणि त्याला पगाराइतकंच वजन द्या.

१८. पोचल्यावर वेगळाच करार सहीला ठेवला. आता?

सही करू नका. वाचायला एक दिवस मागा आणि फोटो काढून घरी पाठवा. अमिरातीत तुम्ही सही केलेलं ऑफर लेटर कामगार मंत्रालयाकडे नोंदवलेलं असतं आणि करार त्याच्याशी जुळावा लागतो, म्हणून त्याची प्रत निघतानाच फोनमध्ये आणि घरी अशी दोन ठिकाणी ठेवा. शाळा ऐकत नसेल तर भारतीय दूतावासात जा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक घरच्यांनाही द्या, म्हणजे इकडून पाठपुरावा करता येईल. आणि दुसऱ्या शाळेला नकार कळवताना गोड शब्दांत कळवलेलं असेल, तर त्याच दिवशी तिलाही एक ईमेल लिहा. मी ओळखते अशा दोघींना ती जागा अजून रिकामी मिळाली होती.